नंबर घेतल्याशिवाय

ज्ञानूमामांना एखादी गोष्ट सांगायची म्हणजे दोनदा सांगायची तयारी ठेवावी लागते. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून नाही. चौसष्ट वर्षांचे आहेत, पण आमच्या स्वयंपाकघरात वाटी पडली तरी ते शेजारच्या आपल्या घराच्या ओट्यावरून विचारतात, "काय सांडलं, ताई?" त्यांची रीत अशी, की ऐकलेलं आधी जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं आणि मग उत्तर द्यायचं. मी म्हणावं, "मामा, उद्या एकादशी आहे, मामींना सांगा, शेंगदाणे माझ्याकडं आहेत." मामा म्हणणार, "उद्या एकादशी. शेंगदाणं तुमच्याकडं. गिताला सांगायचं. बरोबर?" मी बरोबर म्हटल्याशिवाय जागचे हलणार नाहीत.

ही सवय रेल्वेची. पाटस आणि दौंडच्या मधल्या एका फाटकावर त्यांनी एकतीस वर्षं काढली. आता तिथं फाटक नाही, रुळांखालून रस्ता काढलाय आणि उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून त्यातून जातात. पण मामा बोलायला लागले की फाटक अजून तिथंच असतं. मला समजलं ते असं. स्टेशनातून फोन यायचा की अमुक गाडी निघते आहे. मामांनी ते वाक्य परत म्हणायचं, बाहेर जाऊन फाटक लावायचं, कुलूप घालायचं आणि मग फोनपाशी येऊन एक दोन आकडी नंबर द्यायचा. नंबरांचा छापील कागद असतो. दिलेला नंबर खोडायचा, पुन्हा वापरायचा नाही. स्टेशनातला माणूस तो वहीत लिहून घेतो. त्याला खात्री पटते की पलीकडे ऐकलंही आहे आणि केलंही आहे. याला प्रायव्हेट नंबर म्हणतात.

"हो म्हणायला काय, झोपेतबी माणूस हो म्हणतो," मामा सांगतात. "नंबर जागा माणूसच देतो. आन् फाटक लावल्याबिगर नंबर द्यायचा न्हाई. मागं कुणी का उभं असंना."

गितामामी त्यांची चेष्टा करतात. म्हणतात, "लग्नात भटजी सावधान म्हणले, तर ह्यांनी तेबी परत म्हणून दाखवलं आसंल." पण संसार फाटकाशेजारच्या खोलीत झाला, त्यामुळं मामीही त्यातल्याच. मीठ संपलं की ओरडून सांगायच्या, मामा परत म्हणायचे, आणि मीठ घेऊन आले की दारातूनच एक आकडा सांगायचे. त्यांची एकुलती एक लेक, प्रतिभा, चालायला लागली तेव्हापासून हाच खेळ खेळत मोठी झाली. "आबा, शाळेत चालले. चौऱ्याहत्तर." संध्याकाळी, "आबा, आले. बावीस." कधी रुसली की नंबर द्यायची नाही, आणि मामांना जेवण जायचं नाही. पुढं न्हावऱ्याच्या शंभूशी तिचं लग्न झालं. सासरी गेल्यावर पहिला फोन आला तो एवढाच, "पोचले, आबा. एकोणपन्नास." त्या दिवशी मामा ओट्यावर पाठ करून बसले होते आणि मामी मला खुणेनं सांगत होत्या की तिकडं बघू नका.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते याच माणसाच्या हातून झालं.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात मामींच्या पित्ताशयात खडे निघाले आणि दौंडच्या दवाखान्यात तातडीनं ऑपरेशन ठरलं. मामांनी प्रतिभाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, उचलला नाही. तेव्हा नवा मोठा फोन हाती आलेला, बोलून निरोप पाठवायचा शिकलेले. त्यांनी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून निरोप पाठवला, की तुझ्या आईचं उद्या सकाळी ऑपरेशन हाय, निघून ये. थोड्या वेळानं निरोपाखाली दोन निळ्या खुणा आल्या. मामांच्या मनात ते पक्कं बसलं. पलीकडून नंबर आला. ऐकलं. आता येईल.

ती आली नाही. ऑपरेशन झालं, दुसरा दिवस गेला. मामांनी परत फोन केला नाही. एकदा नंबर मिळाला की पुन्हा विचारायचं नसतं. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी मी प्रतिभाला सहज फोन केला, म्हटलं आईजवळ रात्री तू थांबणार की मी येऊ. ती म्हणाली, "आईला काय झालंय?" तिचा तो आवाज मी ऐकलाय. तसला आवाज कुणाला मुद्दाम काढता येत नाही.

संध्याकाळी ती शंभूसोबत मोटारसायकलवर तडक आली. मामा वॉर्डाच्या दारातच उभे होते. बाकीच्या पेशंटची माणसं, नर्सबाई, शंभू, सगळ्यांसमोर ते म्हणाले, "निळ्या खुणा झाल्यात. सगळं ऐकलंस, तिसऱ्या दिवशी आलीस, आन् वर खोटं बोलतीस." तिनं सांगायचा प्रयत्न केला. मामांनी फोन काढून तिच्यापुढं धरला. जन्मभर ज्यानं दुसऱ्याचं वाक्य परत म्हटल्याशिवाय उत्तर दिलं नाही, त्यानं त्या दिवशी पोरीचं एकही वाक्य परत म्हटलं नाही. ती तासभर आईच्या उशाशी बसली आणि बापाकडं न बघता गेली.

मी मामांना सांगितलं होतं, की तिला खरंच ठाऊक नव्हतं. पण मला वाटतं, मी ते हळू आवाजात सांगितलं. मोठ्या माणसापुढं आपण बोललो एवढ्यावरच माझं समाधान झालं. त्यांनी ऐकलं का, हे मी पाहिलंच नाही.

त्यानंतर बापलेकीत एक शब्द नाही. मामांचा फोन ती उचलत नव्हती, आणि पुढं मामांनी करायचंच सोडलं. प्रतिभा रांजणगावला एका कंपनीत पॅकिंगला जाते. गुरुवारी कंपनीला सुट्टी. तेव्हा दर गुरुवारी चार वाजता ती माझ्या फोनवर फोन करते आणि गितामामी माझ्या पडवीत बसून लेकीशी बोलतात. घरून का नाही, तर तिथं मामा समोर बसून ऐकत नसल्यासारखं करतात आणि मामींना बोलणं सुचत नाही. बोलून झालं की मामी घरी जातात. मामा काही विचारत नाहीत. मामी भाकरी थापता थापता भिंतीला सांगितल्यासारखं सांगतात, करिश्माला ताप होता, आता बरी हाय. करिश्मा म्हणजे प्रतिभाची मुलगी. भांडण झालं तेव्हा दोन वर्षांची होती. मामांनी तिला तेव्हापासून पाहिलेली नव्हती. मी रोज देवापुढं दिवा लावताना या घराचं नाव घ्यायची. देव ऐकत असणारच, पण त्याच्या मनात काय आहे ते कळत नव्हतं.

यंदा मार्गशीर्षात आमच्या वस्तीवर दत्तजयंतीचा सप्ताह बसला. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही असा नेम. एकानं दोन तास गळ्यात वीणा घेऊन उभं राहायचं, मग दुसऱ्यानं पाया पडून ती आपल्या गळ्यात घ्यायची. याला पहारा म्हणतात. पहाऱ्यांची यादी आमच्या ह्यांच्याकडं, म्हणजे जयसिंगरावांकडं असते. बुधवारी सकाळी एकाची शेतीच्या लाईटची पाळी बदलली, त्याला दुपारी पाणी धरायचं होतं. तेव्हा त्याचा दोन ते चारचा पहारा ज्ञानूमामांना आणि मामांचा चारचा त्याला, असं ठरलं. ह्यांनी मला सांगितलं, मामांना कळव. मी प्रसादाच्या गव्हाच्या खिरीत अडकलेली. उठून शेजारी जाण्याऐवजी तिथूनच फोनवर बोलून निरोप पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. मी निर्धास्त.

दोन वाजले, मामा नाहीत; रानात गेलेले, फोन घरीच वाजत होता. बारापासून उभे होते म्हस्कूआप्पा, वय सत्त्याहत्तर. दुसरा कुणी वीणा घ्यायला गेला तर देईनात. "ज्याचा पहारा त्यालाच देणार," म्हणाले. पाय थरथरायला लागले तेव्हा सव्वातीनला ह्यांनी जवळजवळ ओढूनच वीणा घेतली. चारला मामा आंघोळ करून, टोपी घालून, वेळेवर आले. आप्पा खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "या साहेब. रेल्वे लेट दिसती आज."

मंडपात हसू झालं. मामांना काही कळेना. म्हणाले, माझा पहारा चारचा हाय. ह्यांनी सांगितलं की बदलला होता, अनुपमानं तुम्हाला निरोप धाडला होता. मामा माझ्याकडं वळले. "मला न्हाई मिळाला, ताई."

मी काही वाईट मनानं केलं नाही. फोन हातातच होता, मी तो निरोप उघडून त्यांना दाखवला. "हे बघा की मामा. निळ्या खुणा झाल्यात."

"झाल्या आसतील. मी न्हाई ऐकला."

"अहो, पण—"

"मग मी काय खोटं बोलतोय व्हय?" मामा म्हणाले.

आणि ते तसेच थांबले. तोंड अर्धं उघडं राहिलं होतं. मंडपात कुणाला त्यात काही वाटलं नाही, पहारा चुकला, मिटलं. पण गितामामींच्या हातातली ताटं वाजायची थांबली. त्या वाढप्यांत उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मघा तुम्ही गोठ्यात हुता. फोन वाजला म्हणून मी कुठंतरी दाबलं. माझ्याच हातनं उघडला आसंल." मामांनी आप्पांपुढं जाऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि चारच्या गड्याला थांबवून आपणच वीणा घ्यायला उभे राहिले. दोन तास नजर खाली होती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. मार्गशीर्षातला, म्हणून घरात लक्ष्मीचा घट मांडला होता. चारला मामी आल्या, आणि त्यांच्यामागून मामा. पायरीवर बसले. मी सुपारी चिरत होते, तशीच राहिले. फोन वाजला. मामींनी घेतला, मोठ्या आवाजावर ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं, "तुझं आबा बसल्यात हितं."

आम्ही तिघंही फोनकडं बघत होतो. तिनं ठेवला नव्हता. मागं कुकरची शिट्टी ऐकू आली.

जन्मभर दुसरा बोलायचा आणि मामा परत म्हणायचे. पहिलं वाक्य आपण बोलायचं, याची त्यांना सवयच नव्हती. शेवटी म्हणाले, "तू सांग. मी ऐकतो."

"दोन वर्षांनी?" प्रतिभा म्हणाली.

"दोन वर्षांनी."

"माझी नक्कल करू नका, आबा."

"नक्कल न्हाई. बरोबर ऐकतोय का ते बघतोय."

मग ती बोलायला लागली. आधी तुटक, मग थांबेना. तिनं सांगितलं की पॅकिंगच्या लाईनवर फोन चालत नाही, म्हणून ती फोन घरीच ठेवून जाते. मामा म्हणाले, फोन घरी ठेवून जातीस. दिवसभर करिश्मा त्यावर गाणी बघते, सासूबाईंना त्यातलं काही कळत नाही; निरोप पोरीच्याच बोटानं उघडला असणार आणि आलेल्या फोनच्या खुणाही तिनंच पुसल्या असणार. मामांनी तेही म्हटलं. हे तिनं त्या दिवशी वॉर्डाच्या दारात सांगितलं होतं. "सांगितलं हुतंस," मामा म्हणाले, "मी ऐकलं न्हाई." आईचं पोट फाडलेलं असताना तिला तीन दिवस पत्ता नव्हता, ती लाईनवर मैत्रिणींबरोबर हसत होती, याचं तिला अजून रात्री वाईट वाटतं. मामा एकेक वाक्य सावकाश परत म्हणत होते. मध्ये आपलं काही घालत नव्हते. मामींनी पदर तोंडाला लावला होता.

मग ती म्हणाली, "तुम्ही रागावलात त्याचं न्हाई, आबा. शंभूंच्या समोर मला खोटारडी म्हणलात. घरी आल्यावर त्यांनी मला इचारलं, तू खरंच ऐकलं नव्हतंस ना? तोपर्यंत त्यांनी मला असं कधी इचारलं नव्हतं. त्याच्यानंतर इचारत्यात. किती वाजता सुटली, कुठं थांबली. सरळच इचारत्यात, पण इचारत्यात."

मामांनी सुरुवात केली. "शंभूच्या समोर—" आणि पुढं त्यांना येईना. मी उठून पाण्याचा तांब्या ठेवला, त्यांनी हात लावला नाही. शेवटी ते वाक्य त्यांनी पुरं केलं, शेवटच्या शब्दापर्यंत. मग म्हणाले, "तू ऐकलं न्हवतंस. मला पुरावा नको. चुकलं माझं."

"आज कसं कळलं?"

मामांनी पहाऱ्याची हकिकत सांगितली. आपल्या बाजूनं एक शब्दही घातला नाही.

"म्हंजी तुमच्यावर आलं तवा पटलं," ती म्हणाली.

"व्हय. माझ्यावर आलं तवा पटलं. बरोबर हाय."

मामांनी मग अगदी हळू विचारलं, "नंबर देतीस?"

"न्हाई, आबा. फाटक लागल्याबिगर नंबर द्यायचा न्हाई. तुम्हीच शिकवलंय."

मला वाटलं, संपलं. पण मामांनी मान डोलावली, जशी काही ती समोर बसली होती. "बरोबर. मग देऊ नको. लागलं की दे."

शनिवारी सप्ताहाचा काला झाला. रविवारी सकाळी मामा धुतलेला सदरा घालून निघाले. मामींना वाटलं लेकीकडं. तसं नव्हतं. ते चौफुल्याला जाऊन न्हावऱ्याच्या एसटीत बसले आणि न्हावऱ्यात शंभूच्या कंपनीची बस पहिल्या पाळीची माणसं घेऊन येते तिथं, चौकातल्या चहाच्या टपरीपाशी जाऊन उभे राहिले. पुढचं आम्हाला पुढच्या गुरुवारी प्रतिभाकडून कळलं. बसमधून वीस-पंचवीस जण उतरले, त्यात शंभू. मामांनी त्याला तिथंच हाक मारली. जावई गडबडला, घरी चला म्हणाला. मामा म्हणाले, बोलावल्याबिगर घरी येत न्हाई, हितंच ऐका. आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, की दवाखान्यात मी माझ्या पोरीला खोटारडी म्हणलो ते माझं खोटं हुतं, ती खरं बोलत हुती. चारचौघांत म्हणलो हुतो, म्हणून चारचौघांत माघारी घेतो. मग म्हणाले, "आता तुम्ही परत म्हणून दाखवा, पावणं." शंभू लाजला. पण म्हणून दाखवलं, सासऱ्यानं चुकीचं म्हटलं होतं आणि बायको खरं बोलत होती, असं, चहाचे पेले हातात धरलेल्या आपल्या पाळीच्या माणसांसमोर. मामा चहा न घेता परतीच्या गाडीनं आले. घरी येऊन मामींना एवढंच म्हणाले, "एक काम हुतं."

प्रतिभा हे सांगत होती तेव्हा हसत होती की रडत होती, फोनवरून मला नक्की कळलं नाही. शंभू त्या संध्याकाळी घरी आला. मग आपणहून म्हणाला, मी उगीच विचारत असतो ना. ती म्हणाली, हो. तेवढ्यावर थांबलं. पण त्या आठवड्यात त्यानं एकदाही विचारलं नाही, असं तिनं आईला सांगितलं. पुढं काय होतंय ते बघू, असंही म्हणाली. मामांनी मात्र नंबराचं नाव काढलं नाही. गुरुवारी चारला येऊन पायरीवर बसायचे, दोन-चार वाक्यं ऐकायचे, परत म्हणायचे, जायचे.

संक्रांतीच्या आदल्या गुरुवारी मी तिळगुळाचा पाक करत होते, तर मामा अनवाणीच आमच्या दारात. हातात त्यांचा स्वतःचा फोन, चालूच.

"ताई, पेन. लवकर. लिवायला काय हाय?"

माझी रोजची वही फळीवर होती, तीच मी पुढं केली. मामांनी फोन कानाला लावला आणि अगदी ड्युटीवर असल्यासारखे ताठ उभे राहून बोलले, "प्रतिभा आन् करिश्मा. न्हावऱ्यावरनं एसटीत बसल्या. एकसष्ट. लिहून घेतलं." आणि फोन ठेवून दिला. माझ्या वहीत त्या दिवशीच्या पानावर, दोन किलो तीळ या ओळीच्या खाली, त्यांच्या ठसठशीत अक्षरात एकसष्ट लिहिलेलं आहे. तिनं त्यांच्या फोनवर फोन केला होता. दोन वर्षं पाच महिन्यांनी.

तोवर मामी धावत आल्या. "कुठल्या गाडीत बसल्यात? चौफुल्याला किती वाजता उतरणार?"

मामांनी ते विचारलंच नव्हतं.

"एकतीस वर्षं गाड्या घालवल्या ह्यांनी," मामी मला म्हणाल्या, "आन् लेकीच्या गाडीची येळ इचारली न्हाई." मामांनी परत फोन लावला. पलीकडून एसटीच्या खडखडाटात प्रतिभाचं हसणं मला दारातूनही ऐकू आलं. तरी मामांना धीर नव्हता. दीड तास आधीच चौफुल्याला जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी मी तिळगूळ घेऊन गेले. करिश्मा आता साडेचार वर्षांची. आजोबांना ओळखत नव्हती, आईच्या मागं लपून होती. मग तहान लागली तशी पुढं आली.

"मला पाणी पाहिजे."

"करिश्माला पाणी पाहिजे," मामा म्हणाले.

ती त्यांच्याकडं बघत राहिली. "मीच म्हणले की. परत का म्हणता?"

"तुझ्या आबाची सवय हाय ती," चुलीपासून प्रतिभा म्हणाली. "पाणी पिऊन झालं की त्यांना एक आकडा सांग. म्हंजी त्यांना बरं वाटतं."

करिश्मा पेला दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायली. विचार केला. तिला दहापर्यंतच येतं.

"सात."

मामी म्हणाल्या, दोन आकडी लागतो, बाळा.

"आसूं दे," मामा म्हणाले. "सात चालंल."